धुळ्यातला सहा रविवारांचा अहिराणी क्लास : साडेतीन स्टार

आधीच सांगते, मी मूळची चिपळूणची, बँकेत आहे, तीन वर्षांपूर्वी बदली होऊन धुळ्यात आले आणि आल्या आल्या कळलं की आपल्याला मराठी येतं हा आपला गैरसमज होता. पहिल्याच आठवड्यात काउंटरवर एक आजी आल्या, पासबुक पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "माय, मना पैसा उना का?" मी ऐकलं उणा. म्हटलं, नाही आजी, उणे काही नाही, चारशे शिल्लक आहेत. त्या परत, "अवं पन उना का?" मी परत, उणे नाही हो आजी. मागे लाईन वाढत चाललेली, शेवटी आमचे शिपाईकाका आले आणि म्हणाले, मॅडम, त्या विचारताहेत पैसे आले का. उना म्हणजे आला. श्रावणबाळचे पैसे होते. आले नव्हते.

तेव्हापासून डोक्यात होतं अहिराणी, म्हणजे ही इथली खानदेशातली बोली, शिकायचं, पण शिकणार कुठे? मोबाईलवर स्पॅनिश शिका, कोरियन शिका, ढिगाने ॲप आहेत. अहिराणीचं म्हणून मला तरी एक धड सापडलं नाही, आणि २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषेचे, ज्यात अहिराणीही धरतात, १८ लाखांच्या वर लोक आहेत म्हणे. मग देवपुरातल्या या क्लासचं कळलं. रिटायर्ड मास्तर आहेत, घराच्या खालच्या खोलीत घेतात, ६ रविवार, फी १८००. नाव-नंबर टाकत नाहीये कारण सरांनीच सांगितलंय की टाकू नका, फोन उचलून उचलून जीव जातो. देवपुरात विचारलं की कोणीही सांगेल.

पहिल्या दिवशी मला वाटलं व्याकरणाचं पुस्तक वगैरे देतील. काही नाही. फळ्यावर तीन वाक्यं लिहिली, मी करस, तू करस, तो करस, खाली आम्ही करतस, तुम्ही करतस, त्या करतस, आणि म्हणाले झालं, एवढंच आहे, घाबरू नका. खरंच एवढंच आहे बरं का, आपल्या करतो-करते-करतोस-करतेस पेक्षा किती सुटसुटीत. मग होमवर्क. दर रविवारी प्रत्येकाने पाच वाक्यं आणायची, कानाने ऐकलेली, आणि कोण कोणाला कुठे म्हणालं तेही लिहायचं. युट्यूबवरची चालणार नाहीत. मी पैसे काढायच्या स्लिपच्या मागे लिहायला लागले, आठवड्याभरात ड्रॉवर भरलं. त्यातलं एक, चहावाला फोनवर कोणाला तरी सांगत होता, "पानी पडी राहिना." मी अर्थ लिहून नेला, पाऊस पडायचा राहिला, म्हणजे थांबला. सगळा वर्ग हसला. पडी राहिना म्हणजे पडतोय! धो धो पडत होता तेव्हा, मी खिडकीतून बघत होते आणि तरी वहीत थांबला लिहिलं, असं आपलं पुस्तकी मराठी.

तिसरा रविवार बेस्ट. सरांनी सगळ्यांना धुळे-चाळीसगाव मेमूत बसवलं, तिकीट ज्याचं त्याने काढायचं, आणि डब्यात वेगवेगळं पांगवलं. नियम एकच, गप्प बसायचं आणि ऐकायचं. माझ्यासमोर दोन बायका, एकीने दुसरीला विचारलं, "आंडेर कोठे दिधी?" आंडेर म्हणजे मुलगी हे माहीत होतं, दिधी अडलं. आमच्यातला एक मुलगा सुरतेला पाच वर्षं कामाला होता, त्याला लगेच लागलं, म्हणे हे तर गुजराती दीधी, दिली. मग परतीच्या गाडीत सर सुटलेच, मना-तुना (माझा-तुझा) मधला ना गुजरातीच्या नो च्या किती जवळचा, भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्या पाहणीच्या १९०७ च्या खंडात खानदेशी भिल्ली भाषांबरोबर कशी बसवली आणि त्यावरून लोक अजून कसे भांडतात. वर्गात फळ्यासमोर हे ऐकलं असतं तर मी झोपले असते. गाडीत नुकतंच दिधी ऐकलेलं, त्यामुळे डोक्यात घुसलं.

चौथ्या रविवारी राजवाडे संशोधन मंडळ आणि मग जेलच्या बाहेरून चक्कर. विनोबांनी गीतेवरची प्रवचनं १९३२ ला याच धुळ्याच्या जेलात दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, तीही रविवारीच, १८ रविवार १८ अध्याय. माहिती छान, पण अहिराणी त्या दिवशी शून्य. हा रविवार अमळनेरच्या बाजारात घालवला असता तर बरं झालं असतं.

पाचव्याला श्रावणातली कानबाई आली, कानबाई म्हणजे इकडे घरोघरी बसवतात ती देवी. सरांच्या घरी कानबाई बसते, आम्हाला आदल्या दिवशीपासून कामाला लावलं. सरांच्या मिसेसनी (आम्ही सगळे मावशी म्हणतो) मला गंगाफळ (लाल भोपळा) चिरायला बसवलं आणि एकदाही मराठीत बोलल्या नाहीत. आठे (इथे) ये, तठे (तिथे) ठेव, माले (मला) दे, दाय बघ. ळ चा य होतो हे नोट्समध्ये होतं, डाळीची दाय, केळीची केयी, डोळ्याचा डोया, पण दाय करपली म्हणून ओरडा खाल्ल्यावर ते पक्कं झालं, आता मरेपर्यंत विसरणार नाही. रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, त्यांच्याकडे भाऊबंदकीतच खातात म्हणून आम्हाला नाही मिळाले, आम्हाला वेगळी पुरणपोळी आणि खीर. रात्री बायकांची गाणी सुरू झाली, मला निम्मं कळलं, आणि तीन महिन्यांपूर्वी काहीच कळलं नसतं.

आता दीड स्टार का कापला. खोली बारा जणांची, बसवले वीस, पंखा एक आणि तो सरांच्या डोक्यावर. वेळ सकाळी ९, सुरू होतं पावणेदहाला. नोट्स झेरॉक्सची झेरॉक्स, काही पानं वाचताच येत नाहीत. पण मोठी तक्रार वेगळीच. नोट्समध्ये बहिणाबाईंच्या कविता सरळ अहिराणी म्हणून छापल्यात. आमच्यात यावलकडची एक ताई होती, ती भडकलीच. म्हणाली, बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, आमच्या घरात बोलतात ती लेवा गणबोली ती, ळ चा य आमच्यातही होतो म्हणून काय सगळं अहिराणी? सर आधी हसण्यावारी न्यायला गेले, मग दहा मिनिटांनी मान्य केलं, पण नोट्स तशाच आहेत, पुढच्या बॅचलाही तेच वाटणार. भाषा शिकवणाऱ्याने शेजारच्या बोलीला तिच्या नावाने हाक मारायला पाहिजे, एवढं तर पाहिजेच ना. आणि अजून एक, हे सगळं धुळ्याकडचं बोलणं आहे, नंदुरबारला किंवा साक्रीच्या पुढे बदली झालेल्यांनी यावर भरवसा ठेवून जाऊ नये.

लिहायला-वाचायला शिकायचं असेल तर हा क्लास नाही. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, माझ्या ऑफिसातल्या एकाने तेवढ्यावरून नाव काढून घेतलं.

मागच्या महिन्यात त्याच आजी आल्या. पासबुक पुढे केलं, तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "उनात माय, पैसा उनात." आजींनी चष्मा वर केला, मला नीट बघितलं आणि विचारलं, "तू कोनी आंडेर शे वं?" मी म्हटलं चिपळूणनी. चिपळूण कुठे ते त्यांना माहीत नव्हतं, मग मी सांगत बसले आणि मागची लाईन परत वाढली.

पुढची बॅच दिवाळीनंतर. पाण्याची बाटली न्या, भिंतीकडेची जागा धरा, आणि मावशींनी चहा विचारला तर नाही म्हणू नका.