आठ महिन्यांनंतर: म्हाताऱ्या माणसांच्या घरात सॉफ्टवेअरला किती हक्क द्यावा

सांगलीच्या गावभागातलं जाड भिंतींचं जुनं घर. राहणारे दोघं सत्तरीपुढचे, मुलं पुण्याला. आठ महिन्यांपूर्वी तिथे रास्पबेरी पाय ४ (छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय') वर होम असिस्टंट हे घर सांभाळणारं सॉफ्टवेअर, झिगबीचे (कमी विजेवर चालणाऱ्या बिनतारी जोडणीचे) सेन्सर आणि बोलणारा एक स्पीकर बसवला. रात्री पलंगावरून उठलं की पॅसेजचा दिवा मंद लागतो. त्यात एकदाही चूक नाही.

खरी अडचण अधिकाराची. तापमान उतरलं की पंखा बंद, असा नियम होता. आजोबा पहाटे पंखा लावायचे, सॉफ्टवेअर पुन्हा बंद करायचं. तीन दिवसांत त्यांनी प्लगच काढून ठेवला, आणि त्यांचं बरोबरच होतं. आता भिंतीवरचं बटण दाबलं की पुढचे दोन तास त्या पंख्याला सॉफ्टवेअरने हात लावायचा नाही. यासाठी बटणामागे रिले (सॉफ्टवेअरने चालू-बंद होणारा छोटा स्विच) हवा; दिव्यांनाही तसंच, स्मार्ट बल्ब नकोत. जुन्या स्विचबोर्डात न्यूट्रलची वायर बऱ्याचदा नसते, ती आधी ओढून घ्या.

हालचालीचा साधा सेन्सर अंग आणि भिंत यांच्या उष्णतेतला फरक टिपतो. एप्रिल-मेच्या दुपारी भिंतीच अंगाइतक्या तापतात, मग माणूस असूनही खोली रिकामी दिसते. रडारचा सेन्सर श्वासही टिपतो, पण फिरता पंखाही त्याला माणूसच वाटतो. तो छताला नको. छातीच्या उंचीला, पंखा त्याच्या टप्प्यात येणार नाही असा लावा.

कुणी आत गेल्यावर बाथरूमचं दार २५ मिनिटं उघडलं नाही की स्पीकर विचारतो, "बरं आहे ना?" दोन मिनिटांत उत्तर नाही आलं तर शेजारी, मग मुलं, असे फोन जातात. १०८ लावायचा निर्णय माणसाचाच. आत दोरीचं बटण आहे. दोरी जमिनीपर्यंत हवी, कारण पडलेल्या माणसाचा हात वर पोहोचत नाही.

औषधाच्या डब्याचा सेन्सर फक्त डबा उघडल्याचं सांगतो, गोळी घेतल्याचं नाही. त्यावरून "औषध घेतलं" असा निरोप मुलांना पाठवणं घातक आहे. आम्ही तो शब्दच बदलला. इन्सुलिनच्या मात्रेशी सॉफ्टवेअरचा संबंध ठेवलेला नाही.

लाईट जाण्या-येण्यात मेमरी कार्ड खराब झालं. आता त्याजागी एसएसडी (जास्त टिकाऊ डिस्क) आहे, आणि पाय व राउटर छोट्या यूपीएसवर; इन्व्हर्टर लागायच्या क्षणातही पाय रीस्टार्ट व्हायचा. झिगबीचा डोंगल (सेन्सरशी बोलणारी यूएसबी काडी) यूएसबी २ च्या पोर्टात, मीटरभर वायरने लांब ठेवा, नाहीतर यूएसबी ३ ची गडबड त्याला ऐकू देत नाही. जाड भिंतींसाठी मध्ये झिगबीचे दोन स्मार्ट प्लग लागले, तेच सिग्नल पुढे नेतात.

बॅटरीच्या टक्क्यांवर विसंबू नका. मेलेला सेन्सर "सगळं ठीक" असल्यासारखाच गप्प असतो, म्हणून २४ तास काहीच न कळवणाऱ्या सेन्सरची सूचना वेगळी लावलीय.

दाराचं कुलूप मात्र साधंच ठेवलंय, दुसरी किल्ली शेजारी. बाथरूमची कडी बाहेरून उघडता येईल अशी बदलून घेतली. ती नसती तर फोन लागूनही शेजारी दाराबाहेरच अडकले असते.