हीट पंप चांगला, शेगडी पण चांगली, आम्हाला गंडवलं ते मधल्या पाइपात

जरा लांबलचक होणार आहे, पण घरात हीट पंपाला लाकडाची शेगडी जोडायच्या विचारात असाल तर पूर्ण वाचा, माझे पैसे गेले ते गेले, तुमचे तरी वाचतील.

आमच्याकडे हवेतून उष्णता घेऊन पाणी तापवणारा हीट पंप आधीपासून होता. खोल्या गरम करणाऱ्या रेडिएटरचं पाणी तोच तापवायचा, तक्रार काही नव्हती. पण कडाक्याच्या थंडीत त्याचा दम निघतो, म्हणून डोक्यात किडा शिरला की जोडीला लाकडावरची शेगडी घ्यायची, आणि ती साधी नाही तर पाण्याचं जॅकेट असलेली. म्हणजे जाळाच्या भोवती पाणी असतं, बंबात असतं तसं, फक्त ते पाणी पंपाने घरभर फिरतं. कल्पना चुकीची नाहीये, हे मी आजही म्हणतो.

मग एक कॉन्ट्रॅक्टर आला. बोलायला एकदम गोड, दर वाक्याला काका. दहा मिनिटं इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "काय नाय काका, शेगडीचं गरम पाणी हीट पंपाच्या लाइनीत सोडायचं, त्याला आयतं गरम पाणी मिळतं, मेहनत कमी, बिल अर्ध्यावर." ऐकायला किती बरोबर वाटतं ना. मी पण मान डोलावली.

खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. हीट पंपाला कोमट पाणी आवडतं, 35 ते 45 अंशांवर तो खुशीत असतो, आणि पाणी जितकं जास्त गरम मागाल तितकी वीज जास्त खातो, ढोबळ हिशोब म्हणजे दर अंशाला दोन-अडीच टक्के. शेगडीतून पाणी येतं 70-80 अंशांचं. ते थेट हीट पंपाच्या रिटर्नला, म्हणजे परतीच्या पाइपात घातलं तर आतल्या गॅसचं प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसर हाय प्रेशरवर ट्रिप होतो. म्हणून मध्ये मोठी टाकी लागते. गरम पाणी वर राहतं, थंड खाली, शेगडी वरचा भाग तापवते, हीट पंप खालून थंड पाणी घेतो, आणि टाकी गरम असेल तर हीट पंपाने गप्प बसायचं. दोघांची भेट टाकीतच व्हायला पाहिजे, पाइपात नाही.

आता मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते सांगतो. कोटेशनमध्ये हे सगळं लिहिलेलं होतं! 500 लिटरची बफर टाकी (तीच ती मधली मोठी टाकी), लोडिंग व्हॉल्व्ह (शेगडीत परत जाणारं पाणी फार थंड राहू न देणारा), थर्मल सेफ्टी व्हॉल्व्ह, सगळं. अडाणीपणा असता तर एक वेळ सोडून दिलं असतं, पण कागदावर बरोबर लिहिलंय म्हणजे काय लागतं ते माणसाला पक्कं ठाऊक होतं.

काम झालं, शेगडी पेटवली, घर गरम, आम्ही खूश. चार दिवसांत हीट पंपावर लाल दिवा. फोन केला, तो आला, पाच मिनिटं स्क्रीनवर टकटक केलं आणि दिवा गायब. "सेटिंग होतं काका." मी म्हटलं वा, काय सर्व्हिस आहे! त्यानंतर एकदाही अलार्म आला नाही. आलं ते लाइटबिल, आधीपेक्षा किती तरी जास्त. विचारलं तर म्हणे यंदा थंडीच जास्त आहे.

मग एका रात्री लाइट गेली. शेगडी भरलेली, लाकूड नुकतंच टाकलेलं. पाणी फिरवणारा पंप बंद पडला पण जाळ काय बटणाने बंद होतो का? थोड्या वेळाने शेगडीतून ठक ठक आवाज सुरू झाला, मग खडखड, मग प्रेशरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि खोलीभर वाफ. बायको ओरडतेय सगळे बाहेर व्हा, आणि मी वेड्यासारखा शेगडीच्या हवेच्या खिडक्या बंद करून निखारे पत्र्याच्या बादलीत काढून बाहेर नेतोय. (जाळावर पाणी ओतायचा विचार आला होता, नशीब ओतलं नाही, तापलेल्या लोखंडावर थंड पाणी म्हणजे वेगळंच संकट.) हात भाजला थोडा, बाकी निभावलं.

दुसऱ्या दिवशी दुसरा टेक्निशियन बोलावला. शेगडीच्या मागे टॉर्च मारली आणि मला म्हणाला, इकडे या, बघा. शेगडीच्या आत एक कॉइल असते, पाणी 95 अंशांच्या आसपास गेलं की थर्मल व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि नळाचं थंड पाणी त्या कॉइलमधून जाऊन ड्रेनला पडतं, विजेची गरजच नाही, फक्त नळाला प्रेशर पाहिजे. आमच्या कॉइलच्या दोन्ही तोंडांना पितळी बूच. चकचकीत. व्हॉल्व्हचे पैसे मात्र घेतलेले.

मग टाकी. जाड फोमच्या जॅकेटची चेन त्याने खाली ओढली, आत लेबल, 200 लिटर. जॅकेट मोठं आणि खाली स्टँड दिलेला, म्हणून उंच दिसत होती, मोजायचं मला कधी सुचलं नाही. आमची शेगडी पाण्याला साधारण 8 किलोवॅट देते. 500 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला 23 युनिट उष्णता लागते, म्हणजे जवळपास तीन तास जाळ घालता येतो. 200 लिटर सव्वा तासाच्या आतच भरते, आणि मग उरलेली उष्णता जाणार कुठे, तर हीट पंपाच्या डोक्यावर. लोडिंग व्हॉल्व्हही नव्हताच. शेगडीत परत जाणारं पाणी 55-60 च्या खाली राहिलं की धुरातली वाफ आत जमते आणि डांबर धरतं, आमच्या चिमणीतून काळा चिकट थर खरवडून काढला तो बघायला हवा होता तुम्ही.

आणि तो लाल दिवा? टेक्निशियनने मेनूत जाऊन तासांचा हिशोब दाखवला. त्या "सर्व्हिस"च्या दिवसापासून कॉम्प्रेसरचा आकडा जागचा हलला नव्हता, आतला इलेक्ट्रिक हीटर तेवढा पळत होता. एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देणारं मशीन घेऊन आम्ही हिवाळाभर पाण्यात रॉड टाकून बसलो होतो, आणि घर गरम असल्यामुळे संशय यायचं कारणच नाही. तो मेनू तुमच्याही हीट पंपात असेल, आज जाऊन बघा, कॉम्प्रेसर किती तास आणि हीटर किती तास. आणि टाकीच्या जॅकेटची चेन स्वतः उघडून लेबलचा फोटो काढा, कॉन्ट्रॅक्टर समोर उभा असतानाच. पाइपांचा नकाशा कागदावर मागा, तो हीट पंपाच्या कंपनीला दाखवून मगच काम सुरू करू द्या, कारण आमची वॉरंटी पण गेली, जोडणी मॅन्युअलप्रमाणे नाही म्हणून.

त्याला फोन केला तर म्हणाला, "काका, घर तर गरम होत होतं ना?" त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. शेवटचा हप्ता राखून ठेवायला पाहिजे होता, पण मी तो काम संपलं त्याच संध्याकाळी दिला होता, आणि वर शेजाऱ्यांना त्याचा नंबरही. त्यांच्याकडची टाकी उघडायला आम्ही परवा जाणार आहोत.