जुन्या ट्रायो कार्डाला दुसरा एमबी: चिप घालायच्या की कार्डच बदलायचं?

पेंटियमच्या काळातलं मशीन पुन्हा उभं करायला घेतलं की हाताला बहुतेक वेळा एस-थ्री कंपनीचं ट्रायो ६४ व्ही प्लस हे ग्राफिक्स कार्डच लागतं. चिपसेट १९९५चा, कार्ड पीसीआयचं, म्हणजे मदरबोर्डावरच्या पीसीआय खाचेत बसणारं. बोर्डावर दोन मेमरी चिप सोल्डर केलेल्या, म्हणजे १ एमबी, आणि शेजारी दोन रिकामी सॉकेटं. ती बघितली की हात शिवशिवतात. तिथे आणखी दोन चिप बसवाव्यात, जास्त मेमरीचं तयार कार्ड शोधावं, की आहे तसंच चालू द्यावं?

आहे तसंच ठेवण्याचा पर्याय लोक फार लवकर सोडून देतात. मशीन फक्त डॉसच्या गेम्ससाठी असेल तर तोच बरोबर. ३२०×२०० आणि २५६ रंगांच्या एका पडद्याला ६४,००० बाइट लागतात. ६४०×४८० घेतलं तरी ३ लाखांच्या थोडं वर. १ एमबी त्याला पुरून उरतो.

विंडोज ९५ वर मात्र गणित बदलतं. ८००×६०० ला ६५,५३६ रंग १ एमबीत जेमतेम मावतात. १०२४×७६८ ला तेवढेच रंग हवे असतील तर दीड एमबी लागतो. ट्रू कलरमध्ये (म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख रंगांत) तर बरेच ड्रायव्हर दर ठिपक्याला चार बाइट खर्च करतात, त्यामुळे साध्या ६४०×४८० लाही १ एमबी कमी पडतो. शिवाय एक चिप १६ बिटची. दोन चिप म्हणजे मेमरीतून माहिती जाण्यायेण्याची ३२ बिटची वाट, चार म्हणजे ६४. दुसरा एमबी घातल्यावर नुसती जागा वाढत नाही, वाटही दुप्पट रुंद होते. मला हा फायदा जागेपेक्षा मोठा वाटतो.

आता चिपांकडे. हव्यात २५६के×१६ च्या, ४० पायांच्या एसओजे (पाय आत वळवलेल्या), एकेक ५१२ केबीची, आणि जोडीनेच. इथवर सगळ्यांना माहीत असतं, फसगत पुढे होते. दिसायला जुळ्या असल्या तरी यांत दोन जाती आहेत, फास्ट पेज आणि ईडीओ. ह्युंदाईची ५१४२६० फास्ट पेज, ५१४२६४ ईडीओ. सॅमसंगची ४१६सी२५६ फास्ट पेज, ४१६सी२५४ ईडीओ. कार्ड चालू होताना बोर्डावरच्या बारीक रेझिस्टरांवरून ठरवतं की मेमरी कुठल्या जातीची मानायची. ईडीओ मानून चालणाऱ्या कार्डात फास्ट पेज घातली तर वाचन चुकतं आणि पडद्यावर कचरा उमटतो. उलट बाजूने बहुधा निभावतं. म्हणून सोल्डर केलेल्या चिपांचा नंबर आधी टिपून घ्या आणि तीच जात शोधा. शेवटचा आकडा वेगाचा: -६० म्हणजे ६० नॅनोसेकंद. नवी चिप जुनीइतकी किंवा तिच्याहून वेगवान हवी. विकणारा "सगळ्या सारख्याच असतात साहेब" म्हणाला तर हसून पुढच्या दुकानात जावं. मी हसलो नाही, पैसे देऊन आलो. घरी आणून लावल्यावर पडदाभर उभे पट्टे.

बसवताना चिपवरचं टिंब आणि सॉकेटचा कापलेला कोपरा जुळवा. चिप उलटी बसली तर वीज आणि ग्राउंडची अदलाबदल होते आणि चिप भाजते. दाबताना एक कोपरा वर राहण्याची खोड असते, तिकडे नीट बघा. काढताना स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, सॉकेटचा कोपरा तुटतो. चिमट्यासारखं एक्स्ट्रॅक्टर मिळतं, तेच वापरा.

मशीन चालू करताना सगळ्यात वरची ओळ ग्राफिक्स कार्डाची असते. तिथे अजून १ एमबीच दिसत असेल तर बहुतेक वेळा एक चिप नीट बसलेली नसते. काढा, सॉकेटचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुन्हा दाबा.

२ एमबी दिसतात पण चित्र बिघडतं, हा जास्त छळणारा प्रकार. नुसत्या त्या ओळीवर विश्वास ठेवू नका, सगळे पाय टेकले आहेत असं त्यातून सिद्ध होत नाही. नव्या दोन चिपांची आपसात जागा बदला. पट्टे सरकले तर दोष चिपचा, जिथल्या तिथे राहिले तर सॉकेटचा. २५६ रंगांत एका वेळी आठ ठिपके वाचले जातात, म्हणून एकच पाय टेकला नसेल तर बिघाड दर आठव्या ठिपक्याला, उभ्या रेघांसारखा दिसतो. सगळीकडे विखुरलेला, गरम झाल्यावर वाढणारा कचरा असेल तर चिप संथ असल्याचा संशय घ्या. मेमरीचं क्लॉक, म्हणजे ती चालण्याचा वेग, उतरवणारे छोटे डॉस प्रोग्रॅम आहेत. क्लॉक कमी केल्यावर चित्र स्वच्छ झालं तर निदान झालं.

आणि सगळं ठीक असूनही विंडोज मोठं रेझोल्यूशन देत नसेल तर कार्डाला हात लावू नका. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये बहुधा मॉनिटरचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो, रेझोल्यूशनची यादी त्यावरूनही छाटली जाते.

तयार कार्डाचं काय? त्याच घराण्यातलं व्हर्ज ४ एमबीत मिळतं. १०२४×७६८ ला ट्रू कलर हवा असेल तर २ एमबीत तो बसतच नाही, तेव्हा चिपांच्या मागे लागणं फुकट. व्हर्जच्या थ्रीडीची तेव्हा 'डिसेलरेटर' (वेग वाढवण्याऐवजी कमी करणारं) म्हणून टिंगल व्हायची आणि ती खोटी नव्हती, पण साध्या टूडी कामाला कार्ड चांगलं आहे. घेताना फोटोत चिप मोजा: याच प्रकारच्या चार असतील तर २ एमबी, आठ असतील तर ४. वर्णनात लिहिलेल्या आकड्यापेक्षा ही मोजणी भरवशाची.

माझा कौल: विंडोजचा डेस्कटॉप ८००×६०० वर चालवायचा असेल आणि हव्या त्या नंबरची जोडी सुटी मिळत असेल तर चिप घाला, एका संध्याकाळचं काम आहे. बंद पडलेल्या कार्डावरून चिप काढायच्या असतील तर ज्यात त्या सॉकेटात बसवलेल्या आहेत असंच कार्ड घ्या. सोल्डर केलेल्या उतरवायला हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवणारं यंत्र) लागतो, आणि त्या खटाटोपापेक्षा अख्खं २ एमबीचं कार्ड परवडतं. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधायला निघणार असाल तर आपल्या कार्डाचा जवळून काढलेला फोटो मोबाइलमध्ये ठेवा, चिपवरचं शेवटचं अक्षर वाचता येईल असा.