एक पाते की अख्खे चक्र? कंपनांचा हिशेब करताना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतून बारा पात्यांचे पंख्याचे ओतीव चक्र बाहेर पडते आणि त्याच्या नैसर्गिक वारंवारता (ठोकल्यावर ते ज्या वारंवारतांनी आपोआप थरथरते त्या) काढायची वेळ येते, तेव्हा संगणकावर अख्खे चक्र उभे करावे, की एका पात्यासह त्याचा 30 अंशांचा भागच घेऊन बाकीचे अकरा भाग हुबेहूब तसेच आहेत असे गणिताला सांगावे, हे आधी ठरवावे लागते.

माझ्या मते सुरुवात एका भागापासूनच करावी. एका मोठ्या गणिताऐवजी 0 ते 6 नोडल व्यासांची सात लहान गणिते सोडवावी लागतात आणि तेवढ्यासाठी साधा संगणकही पुरतो. नोडल व्यास म्हणजे चक्र थरथरत असताना स्थिर राहणाऱ्या, केंद्रातून जाणाऱ्या रेषा. 0 आणि 6 व्यासांचे कंपनप्रकार एकेकटे येतात, तर 1 ते 5 चे समान वारंवारतेच्या जोडीने. असे बारा पात्यांचे बारा प्रकार भरतात. या वर्गवारीचा खरा उपयोग पुढे होतो. चक्रासमोर 8 स्थिर मार्गदर्शक पाती असतील, तर प्रत्येक फेऱ्याला 8 धक्के बसतात, म्हणजे मिनिटाला 1450 फेऱ्यांच्या मोटरीवर सेकंदाला सुमारे 193. आणि ते 12 वजा 8, म्हणजे 4 व्यासांचा प्रकार चेतवतात. अख्ख्या चक्राच्या उत्तरांतून तो प्रकार आकृत्या पाहून वेचून काढावा लागतो.

अख्ख्या चक्राची गरज पडते ती सममिती मोडल्यावर. बॅलन्सिंगसाठी एका बाजूचा धातू ग्राइंडरने घासला, की जोडीतल्या समान वारंवारता किंचित फाकतात आणि चाचणीत एकाऐवजी दोन जवळजवळची शिखरे दिसतात. त्यांना तडा समजून कास्टिंग बाद करण्याची घाई करू नये.

वाळूच्या साच्यातली पाती मात्र कधीच तंतोतंत सारखी नसतात. ताठरपणा तेवढाच राहून पात्याचे वस्तुमान सर्वत्र 2 टक्के वाढले, तर त्याची वारंवारता साधारण 1 टक्का उतरते. तबकडी जाड, पाती पातळ आणि त्यांचा एकमेकांशी दुवा कमकुवत असेल, तर एवढ्या फरकानेही कंपन एक-दोन पात्यांत कोंडले जाते. व्हाइटहेड यांनी 1966 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार अशा पात्याचे कंपन, सगळी पाती सारखी असतानाच्या तुलनेत, बारा पात्यांसाठी सुमारे 2.2 पटींपर्यंत जाऊ शकते. अशा चक्रासाठी एका भागाच्या गणितावर विसंबू नये. इतर पाती गच्च धरून प्रत्येक पात्यावर त्याच जागी हातोडीने ठोकावे, मोजलेल्या बारा वारंवारता अख्ख्या चक्राच्या प्रारूपात भराव्यात आणि मगच ताण तपासावा.