पांगुळगाडा: टाइल्सच्या घरात आठ महिने

ज्या प्रश्नासाठी बहुतेकजण हे वाचायला घेतील त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. पांगुळगाड्याने मूल लवकर चालतं का? आमची लेक साडेतेरा महिन्यांची असताना आधार सोडून चालली. शेजारच्या घरात पांगुळगाडा नव्हता, तिथला मुलगा बाराव्या महिन्यात चालला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात एकट्याने चालण्याचा काळ साधारण आठ ते साडेसतरा महिने असा ऐसपैस दिलेला आहे, त्यामुळे दोघंही वेळेवरच. तरीही आठ महिन्यांनंतर हा गाडा घरातली सगळ्यात वापरलेली वस्तू आहे. कुकरच्या खालोखाल म्हणा.

घेतला तेव्हा ती दहा महिन्यांची होती, धरून उभी राहायला लागली होती. बारशाला एक बसायचा वॉकर भेट आला होता, गोल, चाकांचा, गाणी वाजणारा. डॉक्टरांनी तो माळ्यावर टाका म्हणून सांगितलं. त्यात मूल लोंबकळतं, चवड्यांवर ढकलत जातं, स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत, आणि जिना जवळ असेल तर विचारूच नका. कॅनडाने तर 2004 मध्ये असल्या वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं. तोल त्याचा त्याने सांभाळायचा.

सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत खेळणी डोळ्यांसमोर होती, पण ही बया सगळं आधी तोंडात घालते म्हणून बिनरंगाचाच हवा होता. शेवटी गावाकडच्या सुतारकाकांकडून करून घेतला, अकराशे रुपयांत. तीन चाकं, पुढे एक, मागे दोन, वर आडवी मूठ, खाली फळी. आला तेव्हा मुठीला कूस लागत होती. पॉलिश पेपर मारून खोबरेल चोळलं, अर्धा तास गेला. हे न करता मुलाच्या हातात देऊ नका.

पहिला आठवडा मात्र फजितीचा. पांगुळगाडा मुळात शेणाने सारवलेल्या जमिनीसाठीचा, आणि आमच्याकडे गुळगुळीत टाइल्स. तिने मूठ धरून अंगाचा भार टाकला की गाडा सुसाट पुढे आणि ही पालथी. दोन उपाय केले. सायकलच्या दुकानातून फाटकी ट्यूब आणली, तिच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून चाकांवर ताणून बसवल्या. घसरणं तर थांबलंच, खालच्या मजल्यावरच्या काकांची तक्रारही निम्म्यावर आली. (निम्मी अजून चालू आहे. दुपारी दोन ते चार गाडा बंद, असा आमचा तह झालाय.) दुसरा उपाय वजनाचा. फळीवर मिठाच्या दोन पुड्या बांधल्या. एक फुटली आणि चार दिवस पायाखाली मीठ करकरत होतं. आता तिथे जुन्या टॉवेलात गुंडाळून शिवलेली वीट आहे, ती हलत नाही.

मोठा दोष पाचव्या महिन्यात कळला. आसाच्या टोकाला चाक अडवणारी लाकडी खुंटी असते. पावसाळ्यात लाकूड फुगलं, मग सुकलं, आणि खुंटी ढिली झाली. एकदा लेक मूठ आवळून बसलेली दिसली, उघडून पाहिली तर आत खुंटी. शेंगदाण्याएवढी. पोटात गोळा आला. फेव्हिकॉल लावून बसवली आणि वरून बारीक स्क्रू मारला. तेव्हापासून दर रविवारी तिन्ही चाकं ओढून पाहतो. कारखान्यातल्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण गावच्या सुताराकडून ओळखीने करून घेतलेल्या वस्तूची तपासणी आपल्यालाच करावी लागते.

चालता यायला लागलं की गाडा अडगळीत जाणार, अशी माझी समजूत होती. झालं उलटंच, चौदाव्या महिन्यापासून मालवाहतूक सुरू झाली. बाल्कनीत कांदे-बटाट्यांची टोपली आहे. तिथून एक बटाटा उचलायचा, फळीवर ठेवायचा, स्वयंपाकघरात बायकोच्या पायाशी नेऊन टाकायचा, परत जायचं. दाराच्या उंबऱ्याला चाक अडकतं. आधी नुसती रडायची, मग गाडा मागे ओढून पुन्हा आदळायची, आणि एके दिवशी पुढचं चाक हाताने उचलून पलीकडे ठेवलं. मी सोफ्यावर बसून बघत होतो, मदतीला उठणारच होतो. बायकोने डोळ्यांनी दटावलं, म्हणून बसून राहिलो.

या वाहतुकीचा जेवणावरही परिणाम झाला, निदान आम्हाला तसं वाटतं. आधी कार्टून लावल्याशिवाय घास जात नव्हता, आणि ती सवय आम्हीच लावलेली. आता स्वतः आणलेलं रताळं आई धुते, उकडते, सोलते हे ती ओट्याशी उभी राहून बघते. तेच रताळं ताटलीत आलं की ओळखते. निम्मं खाते, निम्मं गाड्याला भरवते. मटारच्या शेंगा हा तिचा आवडता माल, पण दाणे उकडून, बोटाने चेचूनच देतो. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं गाड्यावर चढवायलाही बंदी आहे. नाचणीचं सत्त्व मात्र गाड्याआधीपासूनचं. माझी आई नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून दळते. वर्षाची होईपर्यंत त्यात मीठ-साखर घालायची नाही यावरून आईशी, आणि मध चाटवायचा नाही यावरून सासूबाईंशी, दोन स्वतंत्र आघाड्यांवर लढलो. मधाच्या बाबतीत डॉक्टरांचा फोन स्पीकरवर लावावा लागला.

तर घ्यावा का? घरात मोकळी जागा नसेल तर नको. याला वळता येत नाही, उचलून फिरवावा लागतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत ते मूल आणि तुम्ही दोघंही कंटाळाल. आडवा ढकलला की तीन चाकांमुळे कलंडतो, त्यामुळे पहिले दोन महिने कोणीतरी हाताच्या अंतरावर हवंच. बाहेर जिना असेल तर दाराला कडी. आणि चालायला शिकवेल या आशेवर असाल तर पैसे वाचवा, सोफ्याच्या कडेला धरूनही मूल चालायला शिकतं.

भाचीचं बाळ आता सात महिन्यांचं आहे, तिने गाडा मागून ठेवलाय. मी हो म्हणून बसलोय. परवा सहज गाडा उचलून दारापर्यंत नेला, तर बाईसाहेब पाठोपाठ आल्या, माझ्या हातातून मूठ सोडवली, फळीवर माझी एक चप्पल चढवली आणि स्वयंपाकघराकडे निघून गेल्या.