फ्रॉइड की ‘बिग फाइव्ह’?

स्वभाव समजून घ्यायला कुठला सिद्धांत धरू, असं भाचीनं विचारलं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड आणि स्वभाव पाच गुणांत मोजणारी ‘बिग फाइव्ह’ पद्धत, या दोघांत ती अडकली होती.

फ्रॉइडनं १९२३ साली मनाचे इदं (आदिम इच्छा), अहं (वास्तवाशी मेळ घालणारा भाग) आणि पराहं (आतला नीतीचा आवाज) असे तीन भाग मांडले. साहेबावरचा राग गिळून माणूस घरी मुलावर का ओरडतो, याचं उत्तर इथे मिळतं. पण तपासायचं कसं? ओरडला तरी सिद्धांत खरा, गप्प बसला तरी खराच! तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचा आक्षेप साधारण हाच होता.

‘बिग फाइव्ह’ची मुळं चक्क शब्दकोशात. मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार इंग्रजी शब्द वेचले. पुढे इतरांनी ते गाळत गाळत पाच गुणांवर आणले. बहिर्मुखता किती, कर्तव्यदक्षता किती, हे प्रश्नावलीनं मोजता येतं, आणि काही वर्षांनी पुन्हा भरली तरी आकडे सहसा फार हलत नाहीत. मात्र माणूस असा का झाला, यावर ही पद्धत जवळजवळ मुकी.

वेळेचं म्हणाल, तर प्रश्नावली मिनिटांत उरकते, मनोविश्लेषण वर्षानुवर्षं चालू शकतं.

दोन माणसांची तुलना किंवा संशोधन करायचं तर ‘बिग फाइव्ह’च. एकाच माणसाची गुंतागुंत उलगडायची असेल तर फ्रॉइड वाच, पण प्रत्येक वाक्य ताडून घेत.