आधी अंगठा बघा, सीसी नंतर: १३ वर्षांच्या मुलीची पहिली स्नोमोबाइल, एका हिवाळ्यानंतर

लेकीच्या स्नोमोबाइलचा, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीचा, ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची ताकद पुढे पोचवणारा पट्टा) तुटला आणि वर्कशॉपने हात वर केले, तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं. बेल्ट झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही, इथपर्यंत ठीक. पण "पोरं कशीही चालवतात, म्हणून जळतो" हे ऐकून घेणार नाही. माझी लेक कशीही चालवत नाही. सेफ्टी कोर्स रीतसर पूर्ण करून मगच ती गाडीवर बसली. तरीही गाडी आचके देत चालत होती, आणि त्याचं कारण थ्रॉटलच्या, म्हणजे वेग देणाऱ्या, लिव्हरमध्ये होतं.

गाडी दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, फॅन-कूल्ड (पंख्याच्या वाऱ्याने थंड होणारी). बाकीचे आकडे कुठेही मिळतील. अंगठ्याबद्दल मात्र कुणी लिहीत नाही.

मोटरसायकलची मूठ पिळली की पूर्ण पंजा कामाला लागतो. स्नोमोबाइलमध्ये सगळा भार उजव्या अंगठ्यावर. लिव्हर दाबायचा आणि चालत राहायचं तोवर दाबूनच ठेवायचा. मोठ्यांच्या हाताला हे जाणवतही नाही. १३ वर्षांच्या मुलीचा अंगठा जाड हातमोज्यातून लिव्हरवर जेमतेम टेकतो, तोही टोकानं. थोड्याच वेळात तो दुखायला लागतो. मग ती सोडते, पुन्हा दाबते, पुन्हा सोडते. पुढच्या क्लचच्या ताटल्या ठरावीक आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) बेल्ट पकडतात आणि आरपीएम उतरले की सोडतात. सारखी अशी धर-सोड झाली की बेल्ट घसरतो, तापतो, त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि एक दिवस तो फाटतो.

वर्कशॉपने लिव्हरला हातही लावला नाही. शेवटी मीच हँडलचं पॅड उघडलं. थ्रॉटलची केबल एका प्लॅस्टिकच्या टायने आवळून बांधलेली होती आणि तिथेच तिला तीव्र वळण पडलं होतं. टाय कापला, केबल मोकळ्या वळणाने नेली, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कुठे ताणली जात नाही ना हे पाहिलं. लिव्हर लोण्यासारखा हलका झाला! एक गोष्ट कळकळीने सांगतो: हलका करायचा म्हणून परतीच्या स्प्रिंगला कधीही हात लावू नका. अंगठा काढताक्षणी लिव्हर स्वतःहून मागे आलाच पाहिजे, मुलाचा जीव त्यावर आहे. स्की-डूच्या काही गाड्यांमध्ये लिव्हर फिरवून बोटांनी दाबायची सोय असते. लहान हातांसाठी ती मला फार मोलाची वाटते.

म्हणून शोरूममध्ये इंजिन बंद असताना मुलाला हातमोजे घालून बसवा. थ्रॉटल पूर्ण दाबून काही मिनिटं धरायला सांगा. डाव्या हाताची पकड न सोडता ब्रेकच्या लिव्हरवर दोन बोटं नीट पोचतात का बघा. मग उभं राहून दोन्हीकडे हँडल पूर्ण वळवायला लावा. यात जी गाडी नापास होईल ती कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

घरात पहिला सूर होता की मोठीच घेऊ, पाच वर्षं पुरेल. शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतात तसा. काटकसर मलाही प्रिय आहे, पण बाही दुमडता येते, ब्रेकचं अंतर दुमडता येत नाही. मोठ्यांच्या ६०० सीसीच्या बऱ्याच लिक्विड-कूल्ड (द्रवाने थंड होणाऱ्या) गाड्या १२० अश्वशक्तीच्या आसपास ताकद देतात. ती या वयाच्या हातात नको. दुसऱ्या टोकाला १२० सीसीच्या गाड्या अगदी लहानग्यांच्या, १३ वर्षांचं मूल त्यावर गुडघे हनुवटीला लावून बसेल. आर्क्टिक कॅटची झेडआर २०० आणि यामाहाची स्नोस्कूट या मधल्या मापाच्या, चणीने लहान मुलांना बऱ्या. पण यामाहाने २०२५च्या मॉडेलनंतर स्नोमोबाइल बनवणंच थांबवलं, तेव्हा सुटे भाग कुठून मिळतील हे आधी विचारा. खरा विचार करण्याजोगा वर्ग त्याच्या वरचा. पोलारिसची इंडी इव्हो ताशी साधारण ८० किलोमीटरवर अडवलेली आणि सीट खाली घेतलेली, तर स्की-डूची एमएक्सझेड निओ ४० अश्वशक्तीची.

फॅन-कूल्ड इंजिनाबद्दल माझं मत हिवाळ्याच्या मध्यावर बदललं. सुरुवातीला त्याचा आवाज आणि तेलाचा वास नकोसा व्हायचा. मग बर्फ कमी पडला आणि ट्रेल कडक होऊन बसले. लिक्विड-कूल्ड गाडीला थंड व्हायला ट्रॅकने (गाडीखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याने) उडवलेला बर्फाचा भुगा लागतो. भुगा नसला की तापमानाचा दिवा लागतो आणि थांबावं लागतं. आमचं इंजिन फॅनच्या वाऱ्यावर शांतपणे चालत राहिलं. मात्र ट्रॅकच्या आतल्या प्लॅस्टिकच्या सरकपट्ट्यांनाही ओलावा याच भुग्याचा मिळतो. कडक बर्फावर त्या वितळून झिजतात, म्हणून बर्फ खरवडणारे स्क्रॅचर बसवून घ्या. इलेक्ट्रिक स्टार्ट आणि रिव्हर्सवर पैसे वाचवू नका. सुमारे २०० किलोची गाडी या वयाच्या मुलाला एकट्याने मागे ओढता येत नाही.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की १६ वर्षांखालच्या मुलांनी स्नोमोबाइल चालवू नये. ज्यांना हे पटतं त्यांनी थांबावं, मी वाद घालणार नाही. आम्ही चालवू दिली ती अटींवर: पुढे मोठं माणूस, अंधार पडायच्या आत परत, गोठलेल्या तलावावर अजिबात नाही, मागे कुणाला बसवायचं नाही. किल स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी जाकिटाला अडकवल्याशिवाय इंजिन सुरूच करायचं नाही. ही शेवटची अट मला एकदाही आठवण करून द्यावी लागली नाही.

केबल सरळ केल्यापासून तिचं चालवणं ओळखू येत नाही. वळणात गाडी सरळ रस्त्याइतकीच स्थिर राहते, मागून येताना ते स्पष्ट दिसतं. नवा बेल्टही तिनेच घातला: गार्ड उघडला, मागचा क्लच फाकवला, बेल्टवरचा बाण नीट बघितला आणि बसवला. मी फक्त टॉर्च धरला. कव्हरखाली आता एक जादा बेल्टही आहे.

टायने आवळलेल्या केबलचे फोटो वर्कशॉपला पाठवले आहेत आणि बेल्टचे पैसे परत मागितले आहेत. लेखी उत्तर आलं की इथे जोडतो.